मुलगा समुपदेशकाच्या दारापर्यंत पोहोचावा कसा?

शनिवार पेठेत माझा दवाखाना आहे, त्याला आता जवळजवळ तीस वर्षे होतील. पूर्वी येणारे रुग्ण बहुतेक वाड्यांतले असत. आता बरेच वाडे पाडून इमारती झाल्या, आणि जे उरले त्यांतल्या खोल्यांत ‘कॉट बेसिस’वर मुले राहतात. जुन्नर-इंदापूरपासून बीड-नांदेडपर्यंतची ही मुले. कोणी महाविद्यालयात शिकतात, कोणी पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळा मेस आणि रात्री चार कॉटच्या खोलीत झोप. दवाखान्यातला माझा निम्मा वेळ आज या मुलांकडे जातो.

‘मन उदास आहे’ अशी तक्रार घेऊन यांच्यातले फार थोडे येतात. तक्रार असते ॲसिडिटीची, डोकेदुखीची, छातीत धडधडण्याची, केस गळण्याची. ‘डॉक्टर, ताकदीचं एखादं इंजेक्शन द्या’, नाहीतर ‘एक सलाईन लावा, पेपर जवळ आलाय’ ही मागणी तर रोजची. नाडी, रक्तदाब सगळे ठीक असते. मग सहज विचारावे, ‘झोप कशी आहे रे?’ आणि मुलगा खाली बघू लागतो. पुढच्या पाच मिनिटांत कळते की तो दोन महिने पहाटे तीनला जागा होतो, वर्गात जात नाही, घरी फोनवर ‘सगळं छान चाललंय’ म्हणून सांगतो.

अशा मुलाला मी माझ्या परीने तपासतो. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, जीवनसत्त्व ब-१२ हे बघून घ्यावेच लागते, कारण थायरॉईड मंदावले तरी माणूस खचल्यासारखा दिसतो आणि क्षयरोगाच्या सुरुवातीलाही भूक आणि उत्साह जातो. पण बऱ्याचदा अहवाल चांगले येतात, आणि मुलाला गोळीपेक्षा नीट ऐकून घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाची गरज असते. म्हणजेच समुपदेशकाची.

आता गंमत अशी, की अनेक महाविद्यालयांत समुपदेशक असतो, सूचनाफलकावर त्याची वेळही लिहिलेली असते, आणि खोली रिकामी असते. मुलगा आपण होऊन जात नाही. कोणीतरी त्याला तिथे धाडावे लागते. ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा वर्गशिक्षक, प्रयोगशाळेतले सहायक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे रेक्टर किंवा परीक्षा विभागाच्या खिडकीत बसलेले कारकून. आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आपल्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयांत काम करणारे अनेक जण हे सदर वाचतात, हे त्यांच्या पत्रांवरून मला ठाऊक आहे.

हे काम केवळ सद्भावनेचे राहिलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने या विषयावर देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. संस्था लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सूचना अशी, की शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावे, त्यात धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत आणि मुलाला पुढे कसे पाठवावे हे शिकवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर २०१५ सालीच साधारण पंचवीस विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाने पालकासारखे लक्ष ठेवावे असे सुचवले होते. ती कल्पना किती ठिकाणी कागदावरून खाली उतरली, हे वाचकांनी आपापल्या महाविद्यालयात जाऊन पाहावे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा उल्लेख मला उगाच महत्त्वाचा वाटत नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकाला एक मुलगा गप्प झालेला कळतोच असे नाही. पण रोज ठरलेल्या खुर्चीवर बसणारी मुलगी आठ दिवस आली नाही हे ग्रंथालयातल्या माणसाला कळते. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत दोनदा टळली हे खिडकीतल्या बाईंना कळते. ताटातली पोळी तशीच राहते हे मेसच्या काकूंना कळते. पुण्यात एके काळी गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. मुलगा वाराला आला नाही तर त्या घरची बाई चौकशी करी. आता वार गेले, मेस आली. चौकशी करणारे माणूस मात्र आपल्याला नव्याने उभे करावे लागणार आहे.

काय पाहावे? एकच एक लक्षण धरून बसू नये, बदल पाहावा. नेहमी नीटनेटका असणारा मुलगा पारोसा येऊ लागला. बडबडी मुलगी गप्प झाली, किंवा उलट, शांत मुलगा क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर धावून जाऊ लागला. गैरहजेरी वाढली, गुण एकदम घसरले. वजन उतरले. सकाळीच तोंडाला दारूचा वास येतो. हातावर जखमा आहेत आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट आहे. वहीत, निबंधात, मित्रांशी बोलताना ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘आता फार दिवस नाहीत’ अशी वाक्ये येतात. आवडीच्या वस्तू, पुस्तके वाटून टाकतो. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते : बरेच दिवस तळमळणारा मुलगा कारण नसताना एकदम शांत, हलका झालेला दिसला तर ‘बरं झालं, सावरला’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी त्याच्याशी बोलावे.

बोलावे कसे, इथेच आपले घोडे अडते. ‘तुला डिप्रेशन आलंय, कौन्सिलरकडे जा’ असे भर वर्गात किंवा स्टाफरूममध्ये चार जणांसमोर सांगणे म्हणजे त्या मुलाला कायमचे दूर लोटणे. आजाराचे नाव ठेवणे हे आपले कामच नाही. आपण फक्त जे पाहिले ते सांगावे, आणि एकांतात सांगावे.

एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील बाई माझ्या जुन्या रुग्ण आहेत. त्यांनी सांगितलेली हकीकत ओळख पटू नये एवढे तपशील बदलून देतो. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मुदत संपल्यावर अर्ज घेऊन आली. विलंब शुल्क भरावे लागेल म्हटल्यावर ‘राहू द्या मॅडम, आता त्याचा काही उपयोग नाही’ असे म्हणून वळली. रांगेत पंधरा मुले होती. बाईंनी खिडकी शेजारणीकडे सोपवली आणि मुलीला मागच्या रेकॉर्डरूममध्ये बसवले. म्हणाल्या, ‘मागच्या वर्षी तू पहिल्या दिवशी अर्ज आणून दिला होतास. या सत्रात दोन्ही वेळा उशीर झाला, आणि आत्ता तू जे बोललीस ते ऐकून मला काळजी वाटली. काय झालंय ग?’ मुलगी आधी ‘काही नाही’ म्हणाली. बाई गप्प बसून राहिल्या. त्यांचे म्हणणे, तेवढे गप्प बसणेच सर्वांत अवघड गेले. मग मुलगी बोलली. वडिलांनी कर्ज काढून फी भरली होती, दोन विषय राहिले होते, घरी सांगितले नव्हते.

बाईंनी तिला ‘एवढ्यानं काय होतंय, आमच्या वेळी’ वगैरे ऐकवले नाही, ‘अभ्यासाला लाग’ असेही सांगितले नाही. त्यांनी सरळ विचारले, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’

पुष्कळ शिक्षकांना वाटते, असे विचारले तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. वाचकहो, ही भीती निराधार आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा प्रश्न रोज विचारतात. विचारल्याने विचार निर्माण होत नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला, कोणीतरी न घाबरता आपल्याशी बोलते आहे, याचा आधार वाटतो. प्रश्न मात्र स्पष्ट हवा. ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ असे विचारले की मुलगा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण आपणच त्याला उत्तर सांगितलेले असते.

मुलीने उत्तर दिले, ‘कधी कधी येतं, पण आईचा विचार करून मागे फिरते.’ बाईंनी तिच्यासमोरच महाविद्यालयाच्या समुपदेशकांना फोन लावला, त्याच दुपारची वेळ घेतली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या मजल्यापर्यंत चालत गेल्या. दारात ओळख करून दिली आणि परत आल्या. अर्जाचे काय करायचे ते नंतर प्राचार्यांशी बोलून निस्तरले गेले.

पाठवण्याची सगळी विद्या मला या हकिकतीत दिसते. चिठ्ठीवर नंबर लिहून ‘वेळ मिळाला की जाऊन ये’ म्हटले तर दहांतली बरीच मुले जात नाहीत. नैराश्यात माणसाला दात घासणे जड जाते, तिथे अनोळखी माणसाला फोन करून वेळ ठरवणे कुठले जमायचे? म्हणून फोन आपण लावावा, वेळ आपण घ्यावी, दारापर्यंत सोबत जावे. यात आपली अर्ध्या तासाहून जास्त मोड होत नाही.

‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. मुले ते मागतातच. त्यावर म्हणावे, ‘तुझी गोष्ट मी चारचौघांत करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर ज्यांची मदत लागेल त्यांना सांगेन, आणि तुला सांगूनच सांगेन.’ अकरावी-बारावीची मुले अठरा वर्षांखालची असतात, त्यांच्या पालकांना विश्वासात घ्यावे लागते. अशा मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. तिथे शिक्षकाला गप्प राहण्याची मुभा नाही.

सर्वच मुलांना सारखी घाई नसते, हेही समजून घ्यावे. परीक्षेची भीती, घरची आठवण, शाखा चुकली असे वाटणे, प्रेमभंग, यांत दोन-चार दिवसांनंतरची वेळ चालते. झोप-भूक गेली आहे, वर्गात येणे बंद झाले आहे, तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी. पण मुलगा ‘मी आज करणार’, ‘साधन जवळ आहे’ असे म्हणत असेल, काही घेतले असेल, किंवा नसलेले आवाज ऐकू येतात असे सांगून घाबरून पळत असेल, तर समुपदेशकाच्या वेळेची वाट पाहू नये. त्याला क्षणभर एकटे सोडू नये, दोघांनी मिळून जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे, १०८ वर रुग्णवाहिका मागवावी, घरच्यांना कळवावे. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि जिल्हा रुग्णालयांतूनही ही सेवा मिळते.

इथे ‘पोलीस केस होईल’ या भीतीने वेळ दवडला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आहे. तिला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानाचे ३०९ वे कलम त्या स्वरूपात उरलेलेच नाही. तेव्हा नोंदीच्या भीतीने मुलाला घरी नेऊन मिठाचे पाणी पाजत बसू नये. त्यातून वेगळेच संकट उभे राहते.

रात्री-अपरात्री किंवा गावात तज्ज्ञ नसेल तेव्हा ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक अक्षरांत लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांमध्येच आहे. मी तो दवाखान्यात वजनकाट्याच्या वर लावला आहे. तिथे उभे राहून वाचले तर ‘मुलगा काय वाचतोय’ असे कोणाला वाटत नाही.

आता समुपदेशक करतो काय? ‘समुपदेशन’ या आपल्या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि मला वाटते त्या शब्दानेच अर्धे नुकसान केले. उपदेश मुलांना घरी, शाळेत, लग्नाकार्यात भरपूर मिळालेला असतो. समुपदेशक ऐकतो, प्रश्न विचारतो, आणि मुलाला आपल्या विचारांची तपासणी करायला शिकवतो. ‘यंदा नापास झालो, म्हणजे मी नालायक आहे’ या वाक्यातला पहिला भाग खरा असेल, पण दुसरा त्यातून निघतो का? अल्बर्ट एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना अनेक वर्षे सोपी करून सांगितली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, तेव्हापासून मनाच्या आजाराविषयी मराठीत मोकळेपणाने बोलायची सवय आपल्याला लागली. आमच्या शेजारच्या सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीतही मानसशास्त्राचे काम कित्येक वर्षे चालू आहे. व्यसनाचा प्रश्न असेल तर १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण येरवड्याला आहे. सांगायचे कारण, महाविद्यालयात समुपदेशक नसला तरी ‘पाठवणार कुठे?’ ही सबब आता पुरेशी नाही. समुपदेशक औषधे देत नाही. त्याला गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडतो, आणि त्या औषधांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मुले गोळ्या सोडून देतात, तेव्हा आम्हा फॅमिली डॉक्टरांना पुन्हा समजूत घालावी लागते.

एका गोष्टीचा मला राग येतो, ती लिहितोच. काही ठिकाणी समुपदेशकाकडे पाठवणे ही शिक्षा झाली आहे. वर्गात दंगा केला, जा समुपदेशकाकडे. हजेरी कमी, डिफॉल्टर यादीत नाव, समुपदेशकाची सही आणल्याशिवाय टर्म मिळणार नाही. मग खरोखर खचलेल्या मुलाला तिथे जायची लाज वाटणारच. तसेच मुलाला रॅगिंगचा किंवा एखाद्या शिक्षकाच्या टोचून बोलण्याचा, जातीवरून हिणवण्याचा त्रास असेल तर त्यालाच ‘मन खंबीर कर’ म्हणून समुपदेशकाकडे ढकलणे हा अन्याय आहे. तिथे आधार द्यावाच, पण तक्रारीची चौकशीही व्हायला हवी. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

ज्यांचे कोणतेच महाविद्यालय नाही, त्यांचे काय? आमच्या पेठांतली स्पर्धा परीक्षेची मुले पाच-पाच वर्षे अभ्यासिकेत काढतात. त्यांना ना वर्गशिक्षक, ना रेक्टर. परीक्षा पुढे गेली की खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे पुढे चालूच राहतात; १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा ही मुले शास्त्री रस्त्यावर उतरली, तेवढ्यापुरती ती सर्वांना दिसली. न्यायालयाच्या सूचना प्रशिक्षण वर्गांनाही लागू आहेत. अभ्यासिका त्यात धरायची की नाही, याचा कीस वकील काढोत. माझे अभ्यासिका चालवणाऱ्यांना सांगणे एवढेच, की प्रवेश अर्जावर घरच्या माणसाचा आणि एका मित्राचा फोन नंबर घ्या, आणि मुलगा चार दिवस आला नाही तर त्या मित्राला विचारा. आमच्या गल्लीतले एक अभ्यासिकावाले हे करतात. भाडे बुडू नये म्हणून सुरू केले होते, असे ते हसून सांगतात; पण त्यातून निदान दोन मुले वेळेवर माझ्याकडे आली.

गावाकडच्या पालकांनाही दोन शब्द. महाविद्यालयातून फोन आला की ‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणून तो ठेवू नका, आणि मिळेल त्या गाडीने येऊन मुलावर ओरडूही नका. शक्य तर एक जण येऊन मुलाजवळ दोन-तीन दिवस राहा. निकालाची गोष्ट त्या दिवसांत काढू नका. समुपदेशकाला ‘तो काय म्हणाला ते आम्हाला सांगा’ असा आग्रह धरू नका. मुलगा सज्ञान असेल तर त्याच्या परवानगीवाचून, जिवाचा धोका सोडून, ते सांगता येत नाही. त्याच २०१७ च्या कायद्याने त्याला तो हक्क दिला आहे.

शिक्षकांनाही हेच लागू. मुलगा जाऊन आल्यावर ‘काय विचारलं रे तिथे?’ असे विचारू नये. आठवड्याने सहज भेटून ‘बरं आहे ना? पुढची वेळ कधीची आहे?’ एवढे पुरे. तो गेलाच नसेल तर रागावू नये, पुन्हा एकदा फोन लावावा. आणि हजेरीपटाच्या शेऱ्यात, बोनाफाईडवर किंवा चारित्र्याच्या दाखल्यावर समुपदेशनाचा उल्लेख चुकूनही करू नये. स्वतःजवळ नोंद ठेवायचीच तर तारीख, काय पाहिले आणि कोणाकडे पाठवले, एवढ्या तीन गोष्टी, आणि तो कागद कपाटात कुलपाआड.